दिवाण मोडला त्या दिवाळीत

आमचा दिवाण मोडला तो दिवाळीच्या तोंडावर, एका रविवारी सकाळी, आणि मोडला तेव्हा त्याच्यावर आमचे हे बसलेले होते. हातात चहाचा कप, मांडीवर पेपर. आधी कर्रर्र असा आवाज आला, मग फाडकन प्लाय फुटलं आणि हे बसल्या जागी कमरेपर्यंत आत गेले. चहा मात्र सांडला नाही. मी पीठ मळत्या हातांनी धावत आले तर दोन पाय वर, डोकं वर, आणि मधला माणूस ब्लाउजपिसांच्या ढिगात रुतलेला.

"लागलं का हो?"

"न्हाई," हे जरा विचार करून म्हणाले, "मऊ हाय."

एवढ्यात देवघरातून माझ्या सासूबाई आल्या. आमच्याकडच्या रीतीनं मी त्यांना आत्या म्हणते. त्यांनी चष्मा वर ढकलून पोटच्या लेकाकडं बघितलं आणि विचारलं, "साड्या चुरगळल्या का रे?"

मी तिथंच फरशीवर बसले आणि पोट धरून हसायला लागले. आधी आत्या रागावल्या, मग त्याही हसायला लागल्या, आणि आम्ही दोघी हसत असताना यांना बाहेर काढायचं राहूनच गेलं.

यांना ओढून काढलं, तेव्हा दिवाणाचं पोट पहिल्यांदा उजेडात आलं. माझ्या लग्नाला तीस वर्षं होत आली. तेवढ्या वर्षांत मानवतच्या आमच्या घरात जो जो आहेर आला, तो तो आत्यांनी त्या दिवाणात सरकवला होता. टॉवेल-टोप्यांचे गठ्ठे. ब्लाउजपिसं, सगळी मेणचट आणि सगळी अशा रंगांची की ज्या रंगाची साडी कुणाकडंच नसते. पेल्यांचे सरबत सेट, खोक्यातून एकदाही न निघालेले. भिंतीवरची घड्याळं. आणि साड्या, थरावर थर, डांबरगोळ्यांच्या वासात बुडालेल्या.

साड्यांचं मला कळतं. बाजारपेठेत माझं शिलाईचं दुकान आहे. फॉल-पिको, ब्लाउज, लहान लेकरांचे फ्रॉक. त्यामुळं आहेराची साडी मी हात न लावता ओळखते. तिला फॉल नसतो. ती नेसायसाठी घेतलेलीच नसते, पुढं द्यायसाठी घेतलेली असते. या घरातून त्या घरात, त्या लग्नातून या बारशात ती नुसती फिरत राहते आणि घडीवरच म्हातारी होते.

"आत्या, हे सगळं काढून टाकू," मी म्हणाले.

"टाकू? आगं, लागतंय की कधी."

"कधी?"

आत्या एका टोपीवरची धूळ झटकायला लागल्या.

दुसऱ्या दिवशी दिवाण दुरुस्त करायला मिस्त्री आला. काम बघून झाल्यावर आत्यांनी मोठ्या मानानं एक टॉवेल-टोपी काढली आणि त्याच्या पुढं धरली. मिस्त्री दोन पावलं मागं सरकला. "आज्जी, हात जोडतो. माझ्याच घरचा दिवाण टोप्यांनी फुगलाय. तुमालाच चार आणून देऊ का?"

आत्यांच्या जिव्हारी लागलं. मान म्हणून दिलेली वस्तू कुणी नको म्हणावी, हे त्यांच्या आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं. दिवसभर त्या त्याच टोपीची घडी मोडत आणि घालत बसल्या. मला वाटलं, झालं, आता सगळं परत दिवाणात जाणार. पण संध्याकाळी भाजी निवडता निवडता त्यांनी एकदम हातातली मेथीची जुडी माझ्यावर रोखली.

"असं करू. कुणाच्याबी गळ्यात मारायचं न्हाई. ज्याला जे लागतंय, त्यालाच ते. हुडकायचं. हुडकून द्यायचं."

आणि तिथून आमच्या घरात जे सुरू झालं त्याला मी खूळच म्हणेन. आत्यांना त्या खेळाचं वेडच लागलं. रस्त्यानं जाणाऱ्या प्रत्येक माणसाकडं त्या अशा बघायच्या, की याला काय कमी आहे? माझ्या दुकानात येऊन बसायच्या आणि गिऱ्हाइकांना विचारायच्या, "तुज्या घरात भिंतीवर घड्याळ हाय का गं? चालतंय का? खरं सांग." बायका आधी दचकायच्या. मग सांगायच्या. सगळंच सांगायच्या. पिको करायला आलेली बाई घड्याळावरून सुरू व्हायची आणि नणंदेपर्यंत जायची.

पहिलं यश आलं ते टॉवेलांना. एक मेंढरं राखणाऱ्या घरची बाई माझ्याकडं चोळ्या शिवून घेते. ती आली तेव्हा घाईत होती. "लवकर दे बाई, मेंढ्या व्यायला लागल्यात. रोज कोकरं होयलीत, आन् वल्ली कोकरं पुसायला घरात एक फडकं उरलं न्हाई. माझं लुगडं बी फाडलं."

आत्या खुर्चीवरून उठल्या. या वयात त्या एवढ्या चपळाईनं उठताना मी बघितलं नव्हतं. "टॉवेल चालतेत का?"

"आज्जी, टॉवेल भेटले तर कोकरांचं नशीबच!"

त्या बाईनं टॉवेलांचं भलंमोठं गाठोडं डोक्यावर घेतलं, आणि वरून "टोप्या बी द्या, धनी रानात घालत्यात" म्हणून टोप्याही नेल्या. आत्या दारात उभ्या राहून तिच्याकडं बघत होत्या. टॉवेल कुणी कुणी दिले होते ते त्यांना तोंडपाठ होतं. कुणी मोठे बागायतदार, कुणी अडत दुकानदार, कुणी व्याही. "एवढ्या मोठ्या मोठ्या सोयऱ्यांनी केलेला मान," त्या म्हणाल्या, "आन् शेवटी लागला कोकराच्या अंगाला!" आणि रस्त्यात उभ्या राहून इतक्या खदखदून हसल्या की शेजारचा किराणावाला बाहेर आला.

सरबत सेट ओळीनं रसवंतीवाल्याकडं गेले. घड्याळांपैकी एक केस कापायच्या दुकानात आरशाच्या वर लागलं, कारण तिथलं आधीचं घड्याळ पाठीमागच्या भिंतीवर होतं, ते आरशात बघून उलटं वाचावं लागायचं आणि आत्यांना ते आमच्या यांच्याकडून कळलं होतं. मेणचट ब्लाउजपिसं छत्रीच्या कापडासारखी जोडून मी पोत्यांना झाकणं शिवली, ती भाजीवाल्या बायकांनी हातोहात नेली. रोज रात्री जेवताना आत्या विजयाची बातमी द्यायच्या आणि हे म्हणायचे, "मला बी कुठं देऊन टाकू नका म्हणजे झालं."

साड्या मात्र राहिल्या होत्या. एका दुपारी त्या एकेक उलगडून बघताना तळाशी मलमलच्या फडक्यात बांधलेली एक सापडली. जांभळी नारायणपेठी, पिवळ्या बारीक चौकड्याची, लाल काठाची. हातात घेतली आणि मी थबकले. तिला फॉल होता. मशीनचा नाही, हातानं लावलेला, इतक्या बारीक टाक्यांचा की मला स्वतःची लाज वाटावी. निऱ्यांच्या जागी घडी जराशी मऊ पडली होती. ही साडी कुणीतरी नेसलेली होती. नुसती नेसलेली नाही, आवडीनं नेसलेली.

"आत्या, ही कुणी दिली?"

"ही? तुझ्या लग्नात ताडकळसच्या जावेनं घातली माझ्या अंगावर. लय भारी हाय म्हणून मी नेसलेच न्हाई. आन् जांभळा मला खुलत बी न्हाई."

"पण हिला फॉल आहे. आहेराला फॉल लावलेली साडी कोण देतं?"

आत्यांनी साडी डोळ्यांजवळ नेली. टाके बघितले. माझ्याकडं बघितलं. "चल," त्या म्हणाल्या.

"कुठं?"

"ताडकळसला. इचारू की."

ताडकळसचे काका-काकू म्हणजे यांचे धाकटे चुलते आणि चुलती. मानवतहून परभणी, परभणीला गाडी बदलून ताडकळस. नेमका तिथल्या बाजाराचा दिवस होता. एसटीत कोंबड्या, मिरच्यांची पोती, माणसं आणि मधोमध आत्या, मांडीवर पिशवी घट्ट धरून, शेजारच्या बाईला सगळी हकीकत सांगत. ताडकळस येईपर्यंत पुढच्या चार बाकांना साडीचं कोडं ठाऊक झालं होतं आणि उतरताना एकजण म्हणाली, "आज्जी, काय निघालं ते परतीच्या गाडीत सांगा बरं का!"

काकू अंगणात डाळ वाळत घालत होत्या. काका बाजेवर. चहापाणी होईपर्यंतही आत्यांना धीर निघाला नाही. त्यांनी पिशवीतून साडी काढली आणि काकूंच्या पुढ्यात ठेवली.

काकूंच्या हातातलं सूप खाली गेलं. त्यांनी साडीला हात लावला नाही. आधी हात पदराला पुसले, मग पुन्हा पुसले, मग काठ उलटा करून बघितला.

"हे टाके माझे हायत," त्या हळूच म्हणाल्या.

"तेच इचारायला आलो," आत्या म्हणाल्या. "तू तुझी नेसती साडी कामून दिलीस मला?"

काकूंनी मान वळवली आणि बाजेकडं बोट केलं. "ह्यांना इचारा!"

मग जे बाहेर आलं ते असं. माझ्या लग्नाला निघायच्या गडबडीत काकूंनी काकांना सांगितलं होतं, ट्रंकेतली आहेराची साडी कागदात बांधून घ्या. आहेराची साडी वेगळी होती, बाजारातून आणलेली, गुलाबी, नायलॉनची. काकांनी ट्रंक उघडली, दोन्ही बघितल्या आणि ही बांधली. लग्नात माइकवर पुकारा झाला, ताडकळसकरांकडून वरमायेला साडीचा आहेर. काकू पुढं झाल्या, सगळ्या मांडवासमोर कागद सोडला, आणि आतून स्वतःची नारायणपेठी निघाली. माहेरहून आलेली. त्यांची सगळ्यांत लाडकी.

"माइकवाला वरडायलाय, सगळी माणसं बघायलीत, मी काय करू?" काकू म्हणाल्या. "घातली तुमच्या अंगावर. घालताना रडू आलं बघा मला."

आत्या उभ्याच राहिल्या. "व्हय की! रडली होतीस तू! आगं, मी तर सगळ्यांना सांगत फिरले, बघा माझ्या जावेची माया किती, आहेर करताना डोळे भरून आले तिचे!"

मी हसू दाबायचा प्रयत्न केला आणि तो इतका वाईट फसला की मला ठसका लागला. काकू हसायला लागल्या. आत्या तर तुळशीच्या कट्ट्याला धरून हसत होत्या. "आन् मी वर्षांमागून वर्षं तुमच्या घरी दिवाळीला यायची," काकू डोळे पुसत म्हणाल्या, "आज तरी नेसल्या असतील बाई, आज तरी नेसल्या असतील, म्हणजे लांबून बघायला तरी भेटेल. तुमी आपल्या दरवेळी त्या हिरव्याच्या हिरव्यात!"

बाजेवरून काका घसा साफ करून म्हणाले, "आहेर हाय म्हणलं. मग चांगली ती उचलली. माझं काय चुकलं?"

आत्यांनी साडी उचलून काकूंच्या हातात दिली आणि त्या काकांकडं वळल्या. "न्हाई हो," त्या म्हणाल्या, "तुमचंच बरोबर हाय. आमीच सगळ्या येड्या."

काकू साडी घेऊन घरात पळाल्या. पळाल्या हेच खरं, साठीच्या बाईला दुसरा शब्द लावता आला असता तर लावला असता. बाहेर आल्या त्या जांभळी नेसून. अंगणात त्यांनी एक गिरकी घेतली, डाळीवर पाय पडला, डाळ सगळीकडं उडाली. काका म्हणाले, "कोण पाव्हणी आली ही?" आणि काकू लाजल्या. खरंच लाजल्या.

निघताना काकू रिवाजाप्रमाणं ओटी भरायला साडी काढू लागल्या. आत्यांनी त्यांचा हात धरला. "पुना दिवाण भरू नको माय माझा. त्यापरीस तुझ्या हातचा ठेचा दे." वाटीभर ठेचा घेऊन आम्ही परत निघालो. परतीच्या गाडीत सकाळची ती बाई नव्हती. आत्यांनी दुसऱ्या बाईला सगळं पहिल्यापासून सांगितलं.

त्याच भेटीत काकूंनी धाकट्या मुलाचं लग्न जमल्याची बातमी दिली होती. मुलगी पेडगावची. नेहमीसारखं असतं तर आत्यांनी आल्या आल्या एक घडीची साडी आणि एक मिक्सर असं मनात धरलं असतं. आता मात्र त्यांनी काकूंकडून मुलीचा नंबर घेतला आणि मला फोन लावायला सांगितला.

"असं विचारतात का नवरीला?" मी म्हणाले.

"न्हाई इचारलं तर काय होतंय, ते बघितलंस की."

फोन स्पीकरवर ठेवला. पलीकडं एक बारीक, घाबरलेला आवाज.

"पोरी, मी तुझी मानवतची मोठी सासू. तुला लग्नात काय पायजे? खरं सांग. मिक्सर म्हणू नको."

पलीकडं दार लोटल्याचं ऐकू आलं. मग आवाज म्हणाला, "आज्जी, हसणार न्हाई ना?"

"हसले तर तुझं काय जायलंय? बोल."

"मला बंगई पायजे."

बंगई म्हणजे घरात साखळ्यांनी टांगलेली झोक्याची फळी. पेडगावला तिच्या घरी लिंबाला दोरीचा झोका होता. त्याच्यावर बसून ती शाळेचा अभ्यास करायची, कॉलेजचा करायची, चिडली की तिथं जाऊन बसायची. "ताडकळसच्या घरी झाडच न्हाई," ती म्हणाली, आणि घाईघाईनं, "पण न्हाई जमलं तर मिक्सर बी चालंल."

आत्यांनी फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात दोन्ही हात वर करून चक्क नाचल्या. "बंगई म्हणली! ऐकलंस का? बंगई!"

त्याच मिस्त्रीला बोलावलं. दिवाणाचं काम करून कंटाळलेला तो माणूस बंगईचं नाव काढताच खुलला. सागवानाची रुंद फळी, कडा गोल घासलेल्या, पॉलिश असं की तोंड दिसावं. फळी दाखवताना म्हणाला, "एक चांगलं केलं आज्जी. ह्याच्यात सामान ठेवायला जागाच न्हाई."

लग्नाच्या दिवशी ती फळी टेम्पोत वऱ्हाडाबरोबर गेली आणि वाटभर तिच्यावर बसण्यावरून बायकांची भांडणं झाली. मांडवात आहेराचा पुकारा सुरू होता. मिक्सर, साडी, मिक्सर, कुकर. मग माइकवाल्यानं चिठ्ठी वाचली, "मानवतकरांकडून नवरीला..." आणि थांबला. माइक तोंडाजवळच ठेवून शेजारच्याला विचारलं, "बंगईच लिव्हलंय का रे?"

"बंगईच!" आत्या गर्दीतून ओरडल्या.

सगळा मांडव हसला. मी नवरीकडं बघत होते. मुंडावळ्यांच्या आत ती आधी गोरीमोरी झाली, मग तिनं सरळ मान वर करून आत्यांना शोधलं आणि दात दिसतील असं हसली.

लग्नानंतरच्या सत्यनारायणाच्या पूजेला ताडकळसच्या घरी ओसरीच्या लोखंडी गर्डरला बंगई टांगली. साखळ्या पक्क्या आहेत का बघायला आधी कुणीतरी जड माणूस बसावा असं ठरलं आणि सगळ्यांनी आमच्या यांच्याकडं बघितलं. हे म्हणाले, "माझा अनुभव चांगला न्हाई." शेवटी काका बसले. साखळ्या कुरकुरल्या, तुटल्या नाहीत. मग नवरीला बसवलं. ती पायानं हलकेच रेटा देऊन थोडी मागं गेली, थोडी पुढं आली, आणि डोळे मिटून घेतले. मग मागून एका म्हातारीचा आवाज आला, "झालं असलं तर सरक की पोरी, आमी बी हाव."

त्यानंतर पूजेचा प्रसाद निवून गेला पण बायका काही हटेनात. सत्तरीच्या, साठीच्या, गुडघेदुखीवाल्या, सगळ्या ओळ लावून उभ्या. आत्यांचा नंबर आल्यावर त्या बसल्या आणि मला म्हणाल्या, "ढकल." मी हळूच ढकललं. "जोरानं ढकल की! खायला घालत न्हाई का मी तुला?" मी ढकललं. त्यांचा पदर उडाला, चष्मा नाकावर आला, आणि त्या सोळा वर्षांच्या पोरीसारख्या किंचाळल्या. भटजींनी पोथी मिटली आणि तेही बघत बसले.

येताना एसटीत आत्या थकून खिडकीला टेकल्या होत्या. मला वाटलं डोळा लागला. पण पिंगळीच्या पुढं गेल्यावर त्या एकदम म्हणाल्या, "तुला काय पायजे गं?"

"मला? मला काय पाहिजे?"

"सगळ्यांना इचारलं. तुला कवा इचारलंच न्हाई."

मी नाही म्हणणार होते. सवयच ती. पण दिवसभराचा तो झोका अजून अंगात होता, आणि तोंडातून निघून गेलं, "आत्या, मला दुसऱ्या कुणीतरी शिवलेलं पोलकं पाहिजे."

"आं?"

"लग्न झाल्यापासून माझं पोलकं मीच शिवते. कुणी माझं माप घेतलं नाही. कुणी मला 'परवा ये' म्हणून चकरा मारायला लावल्या नाहीत."

आत्या परत खिडकीला टेकल्या. चार दिवसांनी मला कळलं की त्या माझं मापाचं पोलकं घेऊन माझ्या दुकानाच्या बरोबर समोरच्या शिलाईवालीकडं गेल्या होत्या. त्या बाईची आणि माझी दुकानं एकमेकींसमोर असून आम्ही वर्षानुवर्षं नुसत्या माना हलवतो. ती आधी घाबरली, तिला वाटलं ही हेरगिरी आहे. "तुमची सून रुसली का काय?" तिनं विचारलं.

"न्हाई," आत्या म्हणाल्या, "तिला आहेर करायलेय."

मग तिनं स्वतः रस्ता ओलांडला. माझ्या दुकानात आली, टेप काढली आणि म्हणाली, "जुन्या मापावर भागणार न्हाई, हात वर करा." मी हात वर केले. माझ्याच दुकानात, माझ्या गिऱ्हाइकांसमोर, ती माझं माप घेत होती आणि मला गुदगुल्या होत होत्या. मग तिनं रीतसर "परवा या" म्हटलं, परवा गेल्यावर "उद्या या" म्हटलं, आणि मी मनापासून खूश होऊन परत आले.

मोरपंखी रंगाचं पोलकं झालंय. गळा छान बसला आहे. डावी बाही थोडी तंग आहे, आणि माझे हात ती उसवायला दिवसातून दहादा शिवशिवतात. अजून उसवली नाही. कुणी विचारलं, "हे कुणी शिवलं?" की मी रस्त्यापलीकडं बोट करते.